चार अध्याय, पाच दिवस

युगांडातल्या एखाद्या लहान गावी चाळीस-पन्नास पाळक शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत जमतात. परदेशातून आलेले दोघे-तिघे त्यांना सोमवार ते शुक्रवार बायबल शिकवतात आणि लगेच विमानाने घरी परततात. अमेरिका, ब्रिटन, दक्षिण कोरिया इथल्या मंडळ्या अशा तुकड्या दरवर्षी पाठवतात. इतक्या थोड्या दिवसांत शिकवून होतं तरी काय, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते बरंच होतं, पण एका अटीवर. जे शिकवलं ते त्या पाळकाला, पाहुणा गेल्यावर आणि पाहुण्याच्या सामानाशिवाय, दुसऱ्या पाळकाला शिकवता आलं पाहिजे. कोणत्या महिन्यात जायचं, कोणतं पुस्तक घ्यायचं, प्रवासभाडं कोणी द्यायचं, हे सगळे निर्णय या अटीला धरून घ्यावे लागतात.

आधी विद्यार्थी कोण ते पाहू. युगांडात प्रोटेस्टंट मिशनरी १८७७मध्ये पोचले आणि लुगांडा भाषेतलं संपूर्ण बायबल १८९६मध्ये तयार झालं. म्हणजे तिथली मंडळी काही काल-परवाची नाही. अँग्लिकन चर्चमध्ये एका दीक्षित पाळकाच्या हाताखाली अनेक गावांतली देवळं असतात. तो सगळीकडे दर रविवारी पोचू शकत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी उपासना चालवणारा माणूस बहुधा दीक्षा न घेतलेला, गावातलाच असतो. पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांचे पाळक तर अनेकदा स्वतःच मंडळी सुरू करतात. यांतले बरेच जण शेती करतात, कोणी बोडा-बोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवतो, कोणाचं दुकान असतं, कोणी शाळेत शिकवतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा उपदेश, शिवाय मयत, लग्नं, आजाऱ्यांच्या भेटी आणि भांडणं मिटवणं हे सगळं त्यांच्याकडेच. अमेरिकेतल्या गॉर्डन-कॉनवेल सेमिनरीतल्या अभ्यासकेंद्राचा अंदाज असा की जगात सुमारे ५० लाख पाळक आहेत आणि त्यांपैकी जेमतेम ५ टक्क्यांनी ईश्वरविज्ञानाचं औपचारिक शिक्षण घेतलं आहे.

या माणसांना काही येत नाही असं समजून जाणारा शिक्षक पहिल्याच दिवशी फसतो. पानंच्या पानं वचनं त्यांना मुखोद्गत असतात. दुःखात बुडालेल्या घराशी कसं बोलावं हे त्यांना पाहुण्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. त्यांना मिळत नाही ती एकच गोष्ट: एखादं पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, दुसऱ्या कोणाबरोबर बसून, सावकाश वाचण्याची संधी. सुटं वचन उचलायचं आणि त्यावर बोलायचं, ही सवय मग सगळीकडे दिसते. ती नेहमीच निरुपद्रवी नसते. मार्च २०००मध्ये नैऋत्य युगांडातल्या कानुंगू इथे जगाच्या अंताची वाट पाहणाऱ्या एका पंथाचे शेकडो लोक मेले. २०२३मध्ये शेजारच्या केनियात शाकाहोलाच्या जंगलातून चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढले गेले. उपाशी राहून मेलात तर येशू भेटेल, असं त्यांच्या उपदेशकाने त्यांना सांगितल्याचा आरोप आहे. शास्त्र नीट वाचता येणं ही त्या भागात लोकांच्या जिवाशी निगडित गोष्ट आहे, आणि म्हणूनच हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

निमंत्रण तिकडून आलं पाहिजे. बिशपांच्या कार्यालयाकडून किंवा तालुक्यातल्या पाळकांच्या संघाकडून, लेखी. कोणाला बोलवायचं, कुठे बसायचं, जेवण कोण रांधणार, हे ठरवणारी समिती तिथलीच हवी. महिनासुद्धा तिनेच ठरवावा. मध्य युगांडात पाऊस वर्षातून दोनदा पडतो, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. पेरणीच्या दिवसांत पाळक बोलावले तर ते येतील, कारण पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना जड जातं, पण त्यांचं शेत मागे पडेल. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै-ऑगस्ट त्यामानाने बरा. ३ जूनच्या आसपासचे दिवस टाळावेत. त्या दिवशी युगांडाच्या हुतात्म्यांच्या स्मरणासाठी नामुगोंगोला लाखो लोक जमतात, कित्येक जण आठवडेच्या आठवडे पायी चालत येतात. वर्ग शुक्रवारी दुपारी संपवावा, म्हणजे लांबचा पाळकही शनिवारी घरी पोचून रविवारच्या तयारीला लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. पीतज्वराची लस आणि तिचा पिवळा दाखला युगांडात शिरताना लागतो, आणि भारतात परतणाऱ्याला इथल्या विमानतळावरही दाखवावा लागतो. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात. व्हिसा कोणत्या प्रकारचा काढायचा हे यजमान मंडळीला विचारून, आपण शिकवायला येतो आहोत हे न लपवता ठरवावं. चर्चच्या कामासाठी खोटं कारण लिहिणं मला अजिबात मान्य नाही.

पैशाचा प्रश्न मात्र थोडक्यात सांगून भागत नाही. युगांडात सरकारी असो वा संस्थेची, कार्यशाळेला आलेल्यांना प्रवासभाडं परत देण्याची पद्धत रुळलेली आहे. काही ठिकाणी वर दिवसाचा भत्ताही मिळतो. ज्याच्या हातात महिन्याला फारसं काही पडत नाही, त्याला पाच दिवस काम बुडवून या म्हणताना भाडं देणं न्यायाचंच आहे. पण भत्ता मोठा झाला की वर्ग भत्त्यासाठी भरतो, आणि पुढच्या वर्षी स्थानिक शिक्षकाने बिनभत्त्याचा वर्ग घेतला तर कोणी फिरकत नाही. म्हणजे पाहुण्याच्या उदारपणामुळे त्याच्यामागून येणाऱ्याची वाट बंद होते. चांगल्या चालणाऱ्या ठिकाणी समिती असं करते: भाड्याचा ठरलेला भाग स्थानिक खजिनदार देतो, पाहुणा स्वतः पैसे वाटत नाही, आणि प्रत्येक मंडळी आपला वाटा वस्तूंत आणते. कोणी घेवड्याचे दाणे, कोणी मक्याचं पीठ, कोणी मातोकेचा म्हणजे शिजवून खायच्या हिरव्या केळ्यांचा घड, कोणी सरपण. जेवण सगळ्यांचं होतं. पाहुण्याच्या ताटातही तेच असतं, आणि असावंच.

खाजगी मागण्याही येतात. मुलाची शाळेची फी, चर्चच्या छपराचे पत्रे, आईचं ऑपरेशन. गरज बहुतेक वेळा खरी असते. तरीही एकट्याच्या हातावर गुपचूप पैसे ठेवू नयेत, कारण ते गुपित राहत नाही आणि उरलेल्या सगळ्यांच्या मनात सल राहतो. विनंती समितीकडे न्यावी. अशा प्रवासांच्या खर्चाबद्दल जो आक्षेप घेतला जातो, तोही ऐकून घेतला पाहिजे. १९९८च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या तुकड्यांनी घरं बांधली. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने पुढे त्या कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा पाहुण्यांनी बांधलेल्या आणि स्थानिकांनी बांधलेल्या घरांतल्या कुटुंबांच्या आयुष्यात सांगण्यासारखा फरक त्याला दिसला नाही. घर साधारण २,००० डॉलरचं होतं, तुकडीचा प्रवासखर्च सुमारे ३०,००० डॉलर. वीट रचायला परक्या देशातून माणूस आणायची गरज नसते. शिकवण्याचंही तसंच: जे स्थानिक शिक्षक शिकवू शकतो, त्यासाठी तिकीट काढू नये.

आता विषय. नवख्या तुकडीची ओढ सगळंच शिकवण्याकडे असते: जुन्या कराराचा आढावा, चर्चचा इतिहास, नेतृत्व, समुपदेशन, हिशेब, सगळं पाच दिवसांत. विद्यार्थी वह्या भरून लिहून घेतात आणि त्या वह्या पुन्हा उघडल्या जात नाहीत. माझा आग्रह एका लहान पुस्तकाचा आहे. रूथचं पुस्तक घ्या. चार अध्याय, ८५ वचनं. सोमवारी दुपारी ओळख, मग प्रत्येक अध्यायाला साधारण एक दिवस, असं बरोबर बसतं. साहित्य म्हणून प्रत्येकाचं स्वतःच्या भाषेतलं बायबल, वही आणि पेन. वाटायला जाडजूड इंग्रजी पुस्तकं नकोत, प्रोजेक्टर नको. त्यांच्या मंडळीत यांतलं काही नाही, म्हणून वर्गातही नाही.

पद्धत अशी. अध्याय मोठ्याने दोनदा वाचायचा, दोन वेगळ्या माणसांनी. मग शिक्षकाने काही सांगायचं नाही, विचारायचं. कोण कोण आहे? कुठे घडतं? कोण बोलतं, कोण गप्प आहे? मागच्या अध्यायाच्या शेवटी काय होतं आणि आता काय बदललं? गटागटांत उत्तरं शोधायला वीस-पंचवीस मिनिटं द्यायची. रूथच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास काम करतो: कथा सांगणारा स्वतः, परमेश्वराने अमुक केलं, असं किती ठिकाणी म्हणतो? पात्रं देवाचं नाव सतत घेतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की पुष्कळ ठिकाणी. शोधायला लागल्यावर दोनच सापडतात, पहिल्या अध्यायाच्या सहाव्या वचनात दुष्काळ संपून अन्न मिळतं तिथे आणि चौथ्याच्या तेराव्यात रूथला गर्भ राहतो तिथे. मधल्या सगळ्या पानांवर माणसं काम करताना दिसतात: उन्हात सरवा वेचणारी परदेशी विधवा, तिच्यासाठी मुद्दाम मूठमूठ कणसं टाकायला गड्यांना सांगणारा शेतमालक बवाज, वेशीत बसलेले दहा वडीलधारे. हे पाळकांनी स्वतः शोधून काढलं की पुस्तकाचा अर्थ त्यांच्या हाती लागतो, आणि पुढच्या वेळी शोधायचं कसं हेही.

दुसरा फायदा याहून मोठा. या गोष्टीतलं जग पाहुण्यापेक्षा विद्यार्थ्यांना जवळचं आहे. दुष्काळात गाव सोडणं, परक्या मुलुखात मुलांना पुरणं, खळ्यावर रात्री राखणीला झोपणं, नवऱ्यामागे जमिनीचं काय होणार ही धास्ती, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. उलट शहरात वाढलेल्या शिक्षकाला ते समजावून सांगतात. चौथ्या अध्यायात जवळचा नातलग जमीन घ्यायला तयार होतो आणि विधवेची जबाबदारीही येते म्हटल्यावर मागे सरतो. तिथे वर्गात आवाज चढतात. नवरा गेल्यावर दिराने, सासऱ्याने बाईला घराबाहेर काढल्याच्या घटना युगांडात अनेक पाळकांनी जवळून पाहिलेल्या असतात. विधवेच्या राहत्या घराला जास्त संरक्षण देणारी दुरुस्ती तिथल्या वारसा कायद्यात २०२२मध्ये झाली. ती माहिती वर्गातल्याच कोणाला तरी असते, तिला किंवा त्याला बोलू द्यावं. रेडिओवर ऐकलेला एक प्रकारचा उपदेश या पुस्तकाला लावला जातो: प्रार्थना करा, देव तुम्हालाही बवाजसारखा श्रीमंत नवरा देईल. चार दिवस ओळ न् ओळ वाचलेल्या माणसाला तो उपदेश खोडून काढायला शिक्षकाची गरज उरत नाही.

दुभाष्याशिवाय हे काही घडत नाही. युगांडाची कामकाजाची भाषा इंग्रजी असली तरी खेड्यातल्या पाळकाचा विचार लुगांडात, रुन्यानकोलेत किंवा अचोलीत चालतो. तासाभराच्या पाठाचा निम्मा वेळ भाषांतराला जातो, म्हणून मजकूर आधीच निम्मा करून न्यावा. दुभाषी शक्यतो पाळकच असावा, आणि दोन असावेत, कारण दिवसभर एकट्याने बोलून माणूस थकतो. आदल्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून दुसऱ्या दिवसाचा पाठ पूर्ण वाचावा. पुष्कळदा तिथेच कळतं की आपलं उदाहरण इथे लागू पडत नाही. आपल्याला ठाऊक असलेल्या भाषांतरातलं वाक्य आणि त्यांच्या बायबलातलं वाक्य वेगळं वाटलं तर त्यांच्या बायबलात काय लिहिलं आहे तिथून सुरुवात करावी. त्यांचं पुस्तक चुकीचं आहे असा संशय वर्गात पेरून निघून जाणं हा मोठा अपराध आहे. बहुतेक दौऱ्यांत पुढे हाच दुभाषी सर्वांत चांगला शिक्षक ठरतो, कारण प्रत्येक पाठ त्याने स्वतःच्या तोंडाने शिकवलेला असतो.

दिवस गाण्याने आणि प्रार्थनेने सुरू होतो. ती वेळ कापू नये. पूर्व आफ्रिकेत तास सूर्योदयापासून मोजायची रीत आहे, सकाळचे आठ म्हणजे दिवसाचा दुसरा तास, म्हणून फळ्यावर दोन्ही वेळा लिहाव्यात. साडेदहाला दुधाचा चहा आणि उकडलेला कसावा किंवा शेंगदाणे, दुपारी मातोके, पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घेवडा, शेंगदाण्याचं कालवण. जेवणानंतर व्याख्यान ठेवू नये, गटात काम द्यावं. छप्पर पत्र्याचं असतं. पाऊस कोसळायला लागला की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, तेव्हा शांतपणे वाचायचा एखादा उतारा हाताशी ठेवावा. वीज असेल असं धरून चालू नये. खडू, फळा, मोठा मनिला कागद आणि मार्कर पुरतात.

समजलं का, असं विचारू नये. उत्तर हो असंच येतं, कारण पाहुण्याला नाही म्हणणं उद्धटपणाचं. त्याऐवजी दोघादोघांनी आत्ता शिकलेलं एकमेकांना सांगायचं आणि शिक्षकाने दुभाष्यासह फिरत ऐकायचं. काय पोचलं नाही ते दहा मिनिटांत कळतं. बायकांकडेही लक्ष हवं. युगांडाच्या अँग्लिकन चर्चमध्ये किगेझीचे बिशप फेस्टो किवेंगेरे यांनी १९८३मध्ये स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा दिली, पण आजही पाळकाची बायको मंडळीचं अर्धं काम करून वर्गाच्या वेळी चुलीपाशी असते. स्वयंपाकाला वेगळी माणसं ठरवली तर ती वर्गात बसू शकते. समितीशी हे आधी बोलावं लागतं.

संध्याकाळी प्रश्न येतात आणि ते रूथबद्दल नसतात. दोन बायका असलेला माणूस बाप्तिस्मा मागतो, काय करावं? मयताच्या विधीत कुळातली वडीलधारी माणसं पूर्वजांसाठी काही करायला सांगतात, कुठवर जावं? इथे पाहुण्याने जीभ आवरली पाहिजे. पहिल्या प्रश्नाचाच इतिहास पाहा. जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने १८८८मध्ये ठरवलं की बहुपत्नीक पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये. १९८८च्या परिषदेने, आफ्रिकेतल्या मंडळ्यांचा अनुभव ऐकून, मार्ग मोकळा केला: यापुढे नवी बायको करणार नाही असं वचन देऊन आणि स्थानिक मंडळीच्या संमतीने, त्याला विश्वास ठेवणाऱ्या बायका-मुलांसह घ्यावं. त्याने आधीच्या बायकांना टाकू नये, कारण त्या उघड्यावर पडतात, हा विचार त्यामागे होता. ज्या प्रश्नाला इतक्या मोठ्या परिषदेला शंभर वर्षं लागली, त्याचं उत्तर पाहुण्याने चहाच्या वेळेत देऊ नये. वर्गातल्या ज्येष्ठ पाळकांनी बोलावं, इतरांनी ऐकावं, आणि पाहुण्याने विचारलं तर शास्त्रातले उतारे दाखवावेत.

गुरुवारी दुपारी उपदेशाचा सराव. प्रत्येक गटातल्या एकाने दहा मिनिटं बोलायचं आणि बाकीच्यांनी दोनच गोष्टी सांगायच्या: मुख्य मुद्दा कोणता ऐकू आला, आणि तो उताऱ्यात कुठे आहे. बोलण्याची धाटणी ज्याची त्याची. पाश्चात्त्य शिक्षक तीन मुद्दे आणि समारोप शिकवायला जातो, पण युगांडातला चांगला उपदेशक गोष्ट सांगतो, मध्येच गाणं सुरू करतो, लोकांकडून उत्तर घेतो. आपल्याकडे अहमदनगर भागातल्या मंडळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि पुढे नारायण वामन टिळकांनी ते समृद्ध केलं.  मराठी माणसांनी आपल्या गळ्यातून ते काढलं. शिक्षकाने उतारा नीट वाचला गेला की नाही एवढंच पाहावं.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मागितलं जातं. द्यावं, पण त्यावर काय शिकवलं आणि किती दिवस, एवढंच लिहावं. शेजारच्या रवांडात २०१८च्या कायद्याने मंडळीच्या प्रमुखाला पदवी बंधनकारक केली, त्यामुळे कागदाला आता किती वजन आलं आहे हे त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पाच दिवसांचा कागद पदवीसारखा दिसला तर पाळकाचीच फसवणूक होते. ज्याला पूर्ण शिक्षण घेणं शक्य आहे त्याला १९१३मध्ये मुकोनोला सुरू झालेल्या आणि आता युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा भाग असलेल्या बिशप टकर विद्यालयासारख्या ठिकाणी पाठवावं. यवतमाळला १९५३मध्ये सुरू होऊन १९८३मध्ये पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी हे आपल्याकडचं तसं ठिकाण.

बाकीच्यांसाठी वर्गानंतरचे महिनेच महत्त्वाचे. १९६३मध्ये ग्वाटेमालाच्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढे हीच अडचण होती: गावचे पाळक शेत आणि कुटुंब सोडून सेमिनरीत राहायला येऊ शकत नव्हते. राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर यांनी शिक्षणच गावाकडे नेलं. पाळकाने घरी अभ्यास करायचा आणि ठरलेल्या दिवशी जवळच्या केंद्रात इतरांबरोबर बसायचं. ती पद्धत जगभर पसरली, बंगळुरूची टॅफ्टी ही संस्था तिच्यावरच चालते. पाच दिवसांच्या वर्गालाही हीच जोड हवी. शुक्रवारी निघण्याआधी सायकलच्या अंतरावरचे पाच-सहा पाळक मिळून गट ठरतो, महिन्यातून एकदा भेटायचा दिवस ठरतो आणि पुढचं पुस्तक ठरतं, समजा योना. पाहुण्याने फोनवर संपर्क ठेवावा, पण गटाच्या बैठकीत डोकावू नये. सहा महिन्यांनी समितीला तीनच प्रश्न विचारावेत: किती गट अजून भेटतात, कोणी रूथचं पुस्तक दुसऱ्यांना शिकवलं का, आणि कुठे अडतं.

पुढच्या वर्षी शक्यतो त्याच शिक्षकांनी, त्याच पाळकांकडे जावं. दुसऱ्या वर्षी सकाळचा एक पाठ दुभाष्याने किंवा एखाद्या गटप्रमुखाने घ्यावा, त्या तासाला भाषांतर लागत नाही. तिसऱ्या वर्षी सगळे पाठ तेच घेतात आणि पाहुणा मागच्या बाकावर बसून विचारलं तर बोलतो. चौथ्या वर्षी तुकडी पाठवायची की नाही, हे समितीने ठरवावं. नको म्हणाली, तर त्या तिकिटाच्या पैशांत तिथल्या शिक्षकांना पुढच्या तालुक्यात वर्ग घेण्यासाठी लागणारं बसभाडं आणि त्यांच्या बुडलेल्या कामाची भरपाई कित्येक महिने निघते.